पर्यायी रस्ता उपलब्ध आहे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डायरीलाही नाही – त्या दिवसाच्या पानावर फक्त 'धुकं. तूर फुलली.' एवढंच लिहून ठेवलं आहे. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण रामधन आता नाही.

रामधन नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यातला. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून देशभर हिंडले, असं तो सांगायचा. त्याची स्वतःची थोडी कापसाची शेती होती आणि वाचनाचं वेड होतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कार्यालयात लिपिक होतो – गावाचं नाव लिहीत नाही. बाजाराच्या दिवशी तो माझ्याकडून एक पुस्तक न्यायचा आणि पुढच्या बाजाराला परत आणायचा, खुणेसाठी आत कापसाचं वाळकं पान घातलेलं. पावसाळ्यात मात्र एकच पुस्तक त्याच्याकडे महिनोन्‌महिने राहायचं. मध्ये नाला होता ना.

तो नाला मला अजून स्वप्नात दिसतो. उन्हाळ्यात नुसते पांढरे दगड – इथून पाणी वाहतं असं कुणी सांगितलं तर हसू यावं. आणि पावसाळ्यात तांबूस पाणी, त्यावर तरंगत जाणारं एखादं झाड, अगदी सावकाश, जणू त्याला कुठे पोचायचंच नाही. तांड्यातली शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा अलीकडच्या काठावर. तांड्यातल्या मुली सातवीनंतर घरी बसत. रामधनची सुनीता त्या वर्षी सातवीत होती.

एका बाजाराला तो आला तो पुस्तक न घेताच. म्हणाला, "भाऊ, विरोधी पक्षाचे नेते आर्णीले येऊन राह्यले. मले एक अर्ज लिहून द्या. तुमच्यासारखं लिहिनं कोनाले येते?"

सरकारी नोकरानं असा अर्ज लिहून द्यायचा नसतो. मी दिला. खरं सांगू? – मला आनंद झाला होता. आयुष्यभर 'सविनय सादर' लिहिणाऱ्या हाताला कुणीतरी मनापासून लिहायला सांगत होतं. एक वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ते जमलं: 'पाणी उतरण्याची वाट पाहता पाहता आमच्या मुली मोठ्या होतात.' रामधननं तो अर्ज आपल्या अक्षरात उतरवून घेतला, माझा कागद फाडून टाकला. "तुमच्यावर कायी येऊ देत नाई," म्हणाला.

दिवाळीनंतर तो अर्ज माझ्याकडे परत आला. नागपूरच्या अधिवेशनात विरोधी पक्षनेते थेट मुख्यमंत्र्यांना विचारणार होते. रस्त्यांचं खातं मुख्यमंत्र्यांकडेच होतं. सभागृहातला प्रश्न कसा प्रवास करतो, ठाऊक आहे तुम्हाला? तो वरून निघतो, जिल्ह्याला उतरतो, मग तालुक्याला, आणि शेवटी कुठल्यातरी लिपिकाच्या टेबलावर येऊन बसतो. लिपिक जे लिहील तेच पुन्हा वर चढतं. तो दुपारी आला, उत्तर चारच्या आत हवं होतं. 'सदर तांड्याचा संपर्क पावसाळ्यात तुटतो व मुली शाळा सोडतात, हे खरे आहे काय?' सोबत अर्जाची प्रत. माझ्या त्या वाक्याखाली कुणीतरी लाल रेघ ओढलेली.

साहेब बाहेर निघाले होते. जाता जाता म्हणाले, "तुम्हाला तो भाग माहीत आहे. वस्तुस्थिती लिहा."

हे नीट लक्षात ठेवा – वस्तुस्थिती लिहा, असंच ते म्हणाले होते.

त्या टेबलाकडे मी परत येतो. आधी मला चहाच्या टपरीवरची ती सकाळ सांगू द्या.

कार्यालयासमोरच ती टपरी. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. पलीकडच्या शेतातला कापूस धुक्यातच फुटल्यासारखा दिसत होता. रामधनसह तांड्यातले चारजण दोन मोटारसायकलींवर कोरडा नाला ओलांडून आले होते. अधिवेशनाचं थेट प्रक्षेपण लावून बिस्किटांच्या बरणीला टेकवून मोबाइल उभा केला. एवढ्याशा काचेत विरोधी पक्षनेते उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, पाणी उतरण्याची वाट पाहता पाहता आमच्या मुली मोठ्या होतात."

टपरीवरचे सगळे मोबाइलकडे झुकले.

"अरे, हे तं आपलंच बोलनं हाये!" तांड्याचे म्हातारे नाईक म्हणाले. "पन रामधन, तुहं नाव काहून नाई घेतलं रे त्यानं?"

सगळे हसले. बाकाखाली रामधननं माझा हात दाबला. गरम, खरखरीत हात. अजून जाणवतो.

मग मुख्यमंत्री उठले. चष्मा लावला, कागद शोधला. त्यांचा आवाज मोठा मऊ होता, दूरच्या खोलीतून यावा तसा. "हे खरे नाही. सदर तांड्यास बारमाही पर्यायी रस्ता उपलब्ध आहे. सबब प्रश्न उद्भवत नाही."

मी पाहत होतो आणि मला वाटत होतं की मी झोपेत आहे. राज्यातली दोन मोठी माणसं समोरासमोर उभी होती आणि दोघंही माझंच बोलत होती.

होय – ते उत्तरही माझंच. त्या दुपारी मी ते लिहिलं. कुणी दरडावलं नव्हतं, कुणी सुचवलंही नव्हतं. लाल रेघेखालचं वाक्य पाहिलं आणि मला धडकी भरली: खरं लिहिलं, तर अर्जामागचा हात ओळखू येईल. नोकरी जाईल. कसा ओळखू येणार होता? अक्षर रामधनचं होतं. पण मी नकाशा काढला. त्यावर जंगलातून जाणारी एक तुटक रेघ होती – तेंदूपानं तोडणाऱ्यांची पाऊलवाट. ती वाट तोच नाला दोनदा ओलांडते. मी तिच्यावरून चाललो आहे. तिलाच मी रस्ता म्हटलं. 'होय, हे खरे आहे' – चार शब्द पुरले असते.

मोबाइल बंद झाला. टपरीवाला म्हणाला, "काय रामधनभाऊ, नाला घरीच इसरून आले काय?" या वेळी हसले ते तांड्यातलेच.

रामधन माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला. "भाऊ, तुम्ही हापिसात असता. हे कोनं लिहिलं असंन?"

"काय माहीत," मी म्हणालो. "वरूनच येतं सगळं."

तो जायला वळला. मग म्हणाला, "त्यानं नाला पाह्यला नसंन बिचाऱ्यानं. पाह्यला असता तं नसतं लिहिलं."

त्यानंतर त्याच्या प्रत्येक अर्जाला एकच उत्तर आलं: याबाबत सभागृहात उत्तर देण्यात आले आहे. त्यातली काही मीच टाईप केली. तांड्यात त्याला 'पर्यायी काका' म्हणू लागले; त्याचा शब्द आता कुणी मानेना. सुनीताची शाळा त्याच उन्हाळ्यात सुटली. तो पुस्तकं नेत राहिला. "एक जास्तीचं द्या," म्हणायचा, "पोरीसाठी." मी निवडून निवडून देत असे.

याला सात वर्षं झाली. या पावसाळ्यात रामधनच्या छातीत दुखू लागलं. नाल्याला पाणी होतं. दवाखान्यात नेलं असतं तर तो जगला असता की नाही, मला माहीत नाही. नेता आलं नाही, एवढं माहीत आहे.

बातमी कळून मी नाल्यावर गेलो तेव्हा पाणी तसंच होतं. अलीकडे मी उभा, पलीकडे चिंचेमागून सरळ वर जाणारा धूर. सुनीता काठापर्यंत आली. आता मोठी झाली आहे. तिनं तोंडाशी दोन्ही हात धरून हाक दिली, "भाऊ, नका येऊ! पानी उतरू द्या!"

मी हात वर केला. ते उत्तर मी लिहिलं होतं, हे तेव्हा ओरडून सांगता आलं असतं. पाण्याचा आवाज फार होता, असं म्हणता येईल.

पण तेवढा नव्हता. तिचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं होतं.