बाबांची चुन्याची डबी

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे नागपूरच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहून "हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलंय, तंबाखू बंद" असं सांगितल्यावर बाबांनी जिन्यातच मला विचारलं, "कॅल्शियम मंजे काय गा?"

मास्तरकीची खोड! म्हणालो, "चुन्यात असतं तेच."

बाबा थबकले. खिशातली चुन्याची डबी काढून त्यांनी कचऱ्यात फेकली. "येवढी वर्षं हाच मले चुना लावून राहिला होता!"

मी हसत सुटलो. खरं काय ते डॉक्टरांनी मला आधीच समजावलं होतं. वाहिनीच्या भिंतीला आतून इजा होते, तिथं चरबी शिरते, सूज राहते. हे वर्षानुवर्षं चाललं की भिंतीतल्या काही पेशी चक्क हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि कॅल्शियमचा थर बसवतात. खाल्लेल्या चुन्याचा त्यात दोष नाही, तंबाखूचा मात्र आहे. घरी गेल्यावर हे नीट सांगू, असं मी ठरवलं.

पण गावी, मुर्रीला पोचल्यावर बाबांनी बिनचुन्याची तंबाखू तोंडात टाकली आणि लगेच थुंकली. "भुसा खाल्ल्यावानी लागते!" आठ दिवसांत तंबाखूची पिशवीही चुलीत गेली. आम्ही इतकी वर्षं हातापाया पडून जे झालं नव्हतं, ते एका गैरसमजानं केलं. आता खरं सांगितलं तर चुना परत येणार, आणि त्याच्यामागून तंबाखू. मला बाबा हवे होते. मी गप्प बसलो.

पुढच्या तपासणीला बाबांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, चुना किती उतरला?"

"साचलेलं सहसा उतरत नाही, वाढू द्यायचं नाही. पण चुन्याचा तसा..."

मी इतक्या जोरात खोकलो की नर्स पाणी घेऊन आली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसून विषय बदलला.

दोन वर्षांनी मला सर्दी झाली. अंगणात खोकत बसलो होतो, तर बाबा म्हणाले, "आता काऊन खोकलून राहिला? इथं तर डॉक्टर नाही."

माझा खोकलाच थांबला. "तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी समजलं. तुले कुठं खोटं बोलता येते?"

"मग तंबाखू परत का नाही धरली?"

"माह्यासाठी इग्यानाच्या मास्तरानं इग्यान सोडलं," बाबा म्हणाले. "मंग मी तंबाखू नाही सोडू का?"