ती 'येते' म्हणाली नाही

मित्रांनो, स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतून लिहितोय. आज दुपारी टीव्हीवर वीकेंडचा वेदर फोरकास्ट लागला आणि माझं सगळंच बदललं. शनिवारी धो धो पाऊस, रविवारी स्नो, गरज नसेल तर प्रवास टाळा.

आणि शनिवारीच मी लंडनच्या एजवेअरहून केंब्रिजला जाणार होतो, माझ्या गर्लफ्रेंडच्या, अन्वीच्या आईबाबांना पहिल्यांदा भेटायला.

लगेच तिचा फोन. "नको येऊस. ट्रेन्स कॅन्सल होतील."

"मग आजच निघतो!"

"आजही नको." माझं डोकं सटकलं. "स्नोचं कारण सांगू नकोस. कॉलेज सोडलेला पोरगा घरी दाखवायची लाज वाटते ना?"

"ओरडू नकोस ना. मी दमले रे. चल, जाते मी."

जाते! अन्वी इथे इंग्लंडमध्येच जन्मलेली. आधी म्हणायची, "मी जातो." मीच हसत हसत शिकवलं होतं, "अगं, मुलगी 'जाते' म्हणते. पण निघताना तेही म्हणायचं नसतं, 'येते' म्हणायचं. म्हणजे परत येणार." तेव्हापासून 'येते' म्हणायची आणि मगच फोन ठेवायची.

तुम्हीच सांगा, आज ती बोलताना चुकली, की अगदी बरोबर बोलली?

मी परत फोन केला. तिने उचलला नाही. मी जॅकेट चढवलं.

"अरे, एवढ्या थंडीत कुठे निघालास?" घरमालकीण काकू किचनमधून ओरडल्या.

"जातो, काकू."

"जातो काय, मेल्या! येतो म्हण!"

मी 'येतो' म्हणालो नाही. बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.