झेंडू गट

पनवेलच्या मासळीबाजारातल्या एका कोळणीकडून मी वर्षानुवर्षं मासे घेते. नाव कधी विचारलं नाही. शिक्षक प्रशिक्षणातून नुकतीच ज्ञान घेऊन आले होते, ते तिच्यापुढे पाजळलं. वर्गात मुलांचे कुवतीप्रमाणे गट केलेत. हुशार ते गुलाब, मधले मोगरा, कच्चे झेंडू. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी कौतुकाने फोटोही काढला.

तिने मांदेलीची डोकी बोटांनीच मोडली, मग सुरमईसाठी कोयता ओढला.

"झेंडूला काय शिकवतेस?"

"गुलाबाला शिकवते तेच. पुस्तक एकच आहे."

कोयता थांबला. "मंग येगली बसवून त्या पोरांना तू निस्तं ढ म्हनलंस, बाई."

फोटोत झेंडूवाले घेतलेच नव्हते, हे मी तिला सांगितलं नाही.