मावशीने धुतलेली चादर

संस्थेत सगळे तिला ताई म्हणत. मुलं आपल्या घरी सांभाळणाऱ्या बायका त्या मावशी, आणि मुलं आपापल्या लाडक्या नावाने ओळखली जायची. आईबाप आजारात किंवा अडचणीत सापडले की कोर्ट मूल संस्थेकडे सोपवायचं. ताई त्याला एखाद्या चांगल्या घरी ठेवायची आणि आईबाप सावरले की परत नेऊन द्यायची. डोक्याचे केस पिकले, पण ते परत देणं काही तिच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

तिचा एक नियम होता. मूल निघताना त्याची चादर धुवायची नाही. परक्या घरात झोपताना नाकाला काहीतरी ओळखीचं लागतं.

ढब्बूला आईकडे परत न्यायला ती मावशीच्या घरी गेली तेव्हा मावशीने पिशवी पुढे केली. दुकानात मांडावं तसं सगळं इस्त्रीचं. ताईने चादर नाकाशी नेली. नुसता साबण.

"अहो मावशी, धुतलीत?"

"मग काय कळकट पाठवू? तिची आई म्हणेल, पोरीला घाणीत ठेवलं." बोलता बोलताच मावशीच्या ध्यानात आलं आणि ती मटकन खाली बसली. "अगं बाई, काय करून बसले मी!"

ढब्बू तिच्या गळ्यात पडली. "तू पण चल ना. गाडीत मी तुला खिडकी देते."

मावशीने अंगावरची ओढणी काढून तिला गुंडाळली. "आईच्या घराखालपर्यंत येते. वर नाही."

आईची खोली ताज्या रंगाची होती. दार उघडं टाकून ती कधीची उभी होती. ढब्बूने ओढणीत तोंड खुपसलं आणि ती हमसून हमसून रडली. आईचे पुढे केलेले हात तसेच राहिले. "ओढणी मावशीची आहे, झोपताना तिच्याजवळ असू द्या," ताई म्हणाली.

"दुसऱ्या बाईच्या वासात झोपणार का माझी लेक?"

"थोडे दिवस," ताई म्हणाली.

आई जरा अंतर ठेवून जमिनीवर बसली. "बरं. राहू दे."

ताई खाली आली. मावशी गाडीत मागे बसली होती.

"रडली का हो, ताई?"

मावश्यांशी ताई कधी खोटं बोलली नव्हती. "रडली. खूप."

"बरं झालं," मावशीच्या तोंडून निघून गेलं. मग तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ताई गाडी सुरू न करता तिच्या शेजारी जाऊन बसली.