स्कॉटलंडची रंगीत तालीम, मार्गे खडकवासला

परदेशात गाडी चालवायची माझी सगळी तयारी झाली होती, फक्त परदेशाला ते कळवायचं राहिलं होतं.

मी शाळा चौथीत सोडली (मास्तर अडवायला आले नाहीत, उलट दप्तर उचलून दिलं). आता बिबवेवाडीत माझी पांढरी व्हॅन आहे. वऱ्हाड असो की मंडईतला भाजीपाला, मी नेतो. लेक प्रज्ञा स्कॉटलंडला. तिने सुट्टीत आम्हाला बोलावलं. डोंगर, तळी, सगळं गाडीने फिरायचं.

"गाडी कोण चालवणार?"

"राहुल चालवेल की, पप्पा."

"म्हणजे जावयाने स्टेअरिंग धरायचं आणि मी मागे बसून शेंगदाणे खायचे?"

मग तिने शेजारच्या मार्गारेट आजींनाच व्हिडिओ कॉलवर बसवलं. जन्म तिथलाच, रस्ता न् रस्ता पाठ. आजी सांगणार, प्रज्ञा मराठी करणार.

"पप्पा, तिकडे डोंगरात रस्ता एका गाडीपुरताच असतो. समोरून कोणी आलं की बाजूला थांबायचं, हात करायचा, त्यांना जाऊ द्यायचं. पायी माणूस दिसला तरी थांबायचं."

"आणि हॉर्न?"

आजींनी बराच विचार केला.

"त्या म्हणतात, शेवटचा वाजवला तेव्हा नवरा होता."

"आडवा आला होता?"

"शेजारी झोपला होता. आणि मेंढ्या आल्या तर त्या जाईपर्यंत देखावा बघायचा."

इतकं सोपं! मी म्हटलं, हे तर मी झोपेत करीन. तिथे बायको, आमची सुनंदा, बोलली, "झोपेत नको. रविवारी खडकवासल्याला चला. हॉर्न नाही, भांडण नाही. जमलं तर तिकडे तुम्ही चालवा. नाहीतर शेंगदाणे."

रविवारी पहिल्याच चौकात एक काका रस्ता ओलांडायला उभे. मी थांबलो, प्रेमाने हात केला. काका दोन पावलं मागे गेले.

"काका, जा ना."

"का? मागून कोण येतंय?"

"कोणी नाही. तुमच्यासाठी थांबलोय."

"आम्हाला घाई नाही. तुमचं काय चाललंय ते उरकू द्या आधी."

पुढे सिंहगड रोडला समोरून टेम्पो आला. मी व्हॅन डावीकडे घेतली, हात केला. दार उघडलं आणि पिशव्यांसकट दोन बायका आत.

"धरणापर्यंत ना, भाऊ?"

पांढरी व्हॅन बाजूला घेऊन ड्रायव्हर हात करतोय, याचा आपल्याकडे एकच अर्थ. सीट रिकामी आहे! मी तोंड उघडणार, तर सुनंदा हळूच म्हणाली, "भांडण नाही." मी तोंड मिटलं.

मी जिथे जिथे सभ्यपणा केला, तिथे तिथे माणसं चढली. कॉलेजची पोरं. एक आजोबा. कोथिंबिरीचं पोतं, आणि त्याच्यामागून त्याचा मालक. तो सुनंदाला म्हणाला, "ताई, सरका जरा. कुठे उतरणार?"

"मी यांची बायको आहे."

"मग तर सरकाच. घरच्यांनीच सांभाळून घ्यायचं."

सुनंदा गिअरजवळ आली. आता तिसरा गिअर टाकायला मला तिची परवानगी लागत होती.

आणि किरकटवाडीच्या अलीकडे म्हशी आल्या. अख्खा रस्ता भरून, रवंथ करत. मी इंजिन बंद केलं आणि देखावा बघू लागलो.

"अहो, हॉर्न मारा की," मागून आवाज.

"मारत नाही."

"बिघडलाय?"

"चांगला आहे. पण मी स्कॉटलंडला चाललोय."

मग आजोबांनी विचारलं, "किरकटवाडीवरूनच जाणार ना?"

तेवढ्यात हॉर्न वाजला. लांबलचक. म्हशीसुद्धा दचकल्या. मी नव्हतो वाजवला. पोत्याखालून कसाबसा हात काढून सुनंदाने दाबला होता.

"तू का वाजवलास? मी इतका वेळ धरून ठेवलंय, आणि तूच माझ्या तोंडचा घास..."

"तुमचा आवाज चढला."

"चढणारच! सगळं नीट चाललेलं..."

"झालं भांडण," सुनंदा म्हणाली. मागून सगळ्या सीटांनी माना डोलावल्या. साक्षीदार मीच हात करून गोळा केले होते.

स्कॉटलंड फार सुंदर आहे. राहुलराव गाडी बरी चालवतात. मी मागे, शेंगदाणे घेऊन. समोरचा प्रत्येक गाडीवाला थांबायचा, हसून हात करायचा.

आणि दर वेळी मी आपोआप सरकून जागा करून द्यायचो.