ड्रायव्हरभाऊ वकील करतात

इतकं खरं बोलणारा आणि इतकं जास्त बोलणारा माणूस वरोऱ्यात दुसरा झाला नसेल. स्वराज्य येऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. हे गृहस्थ माझ्या शेजारच्या खोलीत राहत. जंगलातला माल ट्रकनं वरोऱ्याच्या स्टेशनवर आणून टाकायचा, हे त्यांचं काम. सगळे त्यांना ड्रायव्हरभाऊ म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही आणि जंगलातल्या रस्त्यावर दिवसभरात सांबराखेरीज कोणी भेटायचं नाही. त्यामुळे गावात कुणी सहज "कसं काय भाऊ?" म्हटलं, की ते मागच्या आठवड्यातल्या अपचनापासून सुरुवात करीत. माझ्या बायकोनं एकदा "जेवलात का?" असं विचारलं, तर भाजीत मीठ कसं जास्त पडलं आणि पाणी ओतता ओतता तिचं वरण कसं झालं, हे त्यांनी उंबऱ्यावर बसून इतकं सावकाश सांगितलं की आमची जेवणं निवून गेली. ऐकायला कोणीच नसलं तर ते ट्रकशी बोलत. गाडी चढावर कुरकुरली की तिची समजूत काढत, "थोडकं राह्यलं बाई, आता उतारच हाये."

एका उन्हाळ्यात मोहफुलांची पोती घेऊन येताना समोर म्हशी आल्या. त्यांना वाचवायला भाऊंनी ट्रक रस्त्याखाली घातला आणि तो एका बांधाला जाऊन टेकला. कुणाला लागलं नाही. पण पोलीस जमादार आला, त्याला दारूचा वास आला, आणि दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला उभा राहिला. लायसन गेलं असतं, आणि गाडी चालवण्यापलीकडे भाऊंना काही येत नव्हतं. मी वकील करा म्हटलं, ते त्यांना लागलं. "मी त्या दिवशी थेंब नाई घेतला, गुरुजी. खरं बोलाले वकील कायले पाह्यजे?"

पहिल्या तारखेला मी सोबत गेलो. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" एका शब्दात भागलं असतं. भाऊ म्हणाले, "साहेब, मी पेतो. होळीले पेतो, पोळ्याले पेतो, कोनाच्या लग्नात आग्रह झाला त पेतो. बायको गेली तवा महिनाभर पेलो." कारकून भराभरा लिहून घेत होता. भाऊंचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. मॅजिस्ट्रेट भले गृहस्थ. त्यांनी हात वर करून दोघांनाही थांबवलं, आधी वकील करा म्हणाले आणि पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर भाऊ हिरमुसले. "वकील केला त तोच बोलन. मंग मी काय करू? इथी सारे चूप बसून माह्यं ऐकून राह्यले होते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच एका म्हाताऱ्या वकिलांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अपचनासकट. मग म्हणाले, "तुमचं खरं आहे. पण कोर्ट एका दिवसाचं विचारतंय आणि तुम्ही जन्माचं सांगताय. तिथं मी बोलेन."

तारखेला भाऊ तोंडात सुपारी धरून उभे राहिले. वकिलांनी जमादाराला विचारलं, "यांच्या तोंडाचा वास घेतला होता?"

"गाडीजवळ येत होता."

"गाडीत काय होतं?"

"मोहफुलं," जमादार म्हणाला. मोहाची दारू याच फुलांची गाळतात.

"यांना डॉक्टरकडे नेलं होतं?"

"नाही."

भाऊ सुटले.

त्यानंतर काम नसलं की ते कोर्टासमोरच्या चहाच्या हॉटेलात बसू लागले. दारूच्या खटल्यातला कोणी ड्रायव्हर दिसला की त्याला जवळ बसवून वकील करायला सांगत. एकदा बाजारातून येताना मी तिथं थांबलो, तेव्हा एक ट्रकवाला त्यांना विचारत होता, "वकील करून होते काय, भाऊ?"

आता हे तासभर बोलणार, असं मला वाटलं. पण भाऊंनी कपातला उरलेला घोट संपवला.

"तो आपल्या बाजूनं बोलते," ते म्हणाले. "बायको गेल्यावर माह्यासाठी कोनी बोललं, ते पह्यल्यांदा."

ट्रकवाला उठून गेला. भाऊ रिकाम्या कपाकडे बघत होते. मी भाजीची पिशवी बाकावर ठेवली आणि दोन चहा सांगितले.