पडद्यावरचा पाय

त्याला सगळे ठोक्याच म्हणत. बारशाचं नाव फक्त बँकेला ठाऊक. पाचव्या वर्षी त्यानं आईचे तेलाचे डबे बडवून चेपवले, पंधराव्या वर्षी ड्रमसमोर बसला, तो सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत उठलाच नाही. नाचगाण्यांच्या वाद्यवृंदात वीस वर्षं घासली. मग एक संगीतकार बाई भेटल्या. त्यांच्या संगीतात ना गाणारा, ना पेटी. स्टेजवर एकटा ड्रमवाला, मागं पडद्यावर चित्रपट, आणि वाजवणाऱ्याच्या कानात टिकटिक. ती टिकटिक आणि ते चित्र एकमेकांना असं शिवलेलं की माणूस चुकला तरी चित्र थांबत नाही.

ठोक्याला हे वेड लागलं. बाईंनी खास त्याच्यासाठी अठरा मिनिटांची रचना केली. अकराव्या मिनिटाला पडद्यावर दाराएवढा एक पाय येणार, अनवाणी, मोठ्या ड्रमचं पेडल दाबणारा. पाय ठोक्याचाच, गेल्या वर्षी चित्रित केलेला. चित्र मुकं. त्याला आवाज द्यायचा खालच्या खऱ्या पायानं, ठोक्याला ठोका.

आणि नेमका तोच उजवा पाय फिरला. जिना चढायचा, बाजारात हिंडायचा, पण पेडलवर ठेवला की अंगठा आत वळायचा, सुकलेल्या पानासारखा. डॉक्टरनं पाय उलटासुलटा करून पाहिला.

"पायाला काही झालेलं नाही. डोक्यातून निघालेला हुकूम वाटेत चुकतोय."

"मग औषध?"

"आराम. गुण येईलच असं नाही."

ड्रम टेम्पोतून नेणारे दाजी, म्हणजे बहिणीचा नवरा. फक्त त्यांनाच त्यानं सांगितलं.

"दाजी, पाय ऐकत नाही."

"तुझी बहीण तरी माझं कुठं ऐकते? चाललाच आहे ना संसार?"

पण ठोक्या हसला नाही तेव्हा दाजींनी बिडी विझवली. "बाईंना सांग बाबा. झाकून काय कोंबडं आरवायचं राहतं?"

त्यानं सांगितलं, पण अर्धंच. तेवढा भाग गाळता येईल का, म्हणाला. बाई म्हणाल्या, "एक ठोका काढला तर पुढची सात मिनिटं घसरतात. आणि अहो, तुमचाच तर पाय आहे!"

आपलेच दात, आपलेच ओठ. डाव्या पायावर घ्यावं, तर तो झांजांच्या जोडीला जुंपलेला. महिनाभर तो रोज पेडलशी झटला. अंगठ्याला पट्टी बांधली, बूट बदलले, शिव्या दिल्या, गोडीनं घेतलं. बुडत्याचा पाय खोलातच.

कार्यक्रम रविवारी दुपारी. दहा मिनिटं हात असे चालले की दाजी विंगेत मान डोलवायला लागले. मग पडद्यावर पाय आला. धडधाकट, निवांत. पहिले चार ठोके बरोबर पडले. पाचव्याला अंगठा वळला, टाच घसरली. वरचा पाय चाललाच होता. कानात टिकटिक. ठोक्यानं मांडीवर हात दाबून पाय खाली रेटला. तो पेडलच्या बाजूला जाऊन पडला. मग त्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि मान वळवून, पडद्यावरच्या आपल्याच पायाकडं, परक्याच्या दारात बसल्यासारखा बघत राहिला. दोन मिनिटं सभागृहात चिटपाखराचा आवाज नाही. पडद्यावरून पाय गेला, टिकटिकीनं हाक मारली तसं त्यानं उरलेलं हातांनी वाजवून संपवलं.

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसत होती.

बाई विंगेत धावत आल्या. "मला हे सुचलंच नव्हतं हो! ती शांतता! असंच ठेवू. पुढच्या नऊ गावांत असंच."

"बाई, मला वाजवता आलं नाही."

"तेच तर!"

"आणि पाय बरा झाला तर?"

बाईंनी खरंच विचार केला. "तर मग न वाजवायचा सराव करावा लागेल."

त्यानं झांजा पिशवीत भरल्या.

टेम्पो चालवताना दाजींचं लक्ष खाली गेलं. मग म्हणाले, "अरे, वाजतोय की!"

ठोक्यानं खाली पाहिलं. उजवा पाय टेम्पोच्या पत्र्यावर ठोके देत होता. अकराव्या मिनिटाचेच, एकही न चुकता. त्यानं बघितलं तरी थांबला नाही. थांब म्हणाला, तरी नाही.